मॉडिफाय केलेल्या स्नोमोबीलवर जादा कूलर बसवला: किटचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांचं काम इथेच होईल. स्नोमोबीलचं इंजिन थंड ठेवणारा हा जादा कूलर एक नंबर आहे, सोबत आलेलं सामान अर्धंमुर्धं आहे, आणि हे किट सरसकट सगळ्यांनी घ्यावं असं मला अजिबात वाटत नाही. ज्यांनी टर्बो लावून किंवा बोअर मोठा करून इंजिनची पॉवर वाढवलीय, आणि ज्यांना दाबून कडक झालेल्या ट्रेलवर लांब पल्ला मारावा लागतो, त्यांनी डोळे झाकून घ्या. जे सगळा वेळ खोल ताज्या बर्फात असतात त्यांना यातून फायदा कमी आणि वजन जास्त मिळेल. मधल्या लोकांसाठी खाली सगळं सांगतोय, जरा लांबेल पण बसवायच्या आधी मला हे कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

माझी गाडी टू-स्ट्रोक आहे, लिक्विड कूल्ड, कंपनीकडून आली तेव्हा कूलिंगबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. मग ट्रॅक (खाली फिरणारा रबरी पट्टा) लांब केला, टनेल (ट्रॅकवरचं पत्र्याचं लांब छत) मागे वाढवला, आणि टर्बो लावला. तिथून खेळ बदलला. इंजिन जास्त पॉवर काढतं म्हणजे जास्त इंधन जाळतं आणि त्यातली मोठी वाटणी उष्णता म्हणून कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं द्रव) येते, हे गणित कोणालाच चुकलेलं नाही. कूलर मात्र तेवढेच राहिले जेवढे मूळ पॉवरसाठी दिले होते. ताज्या बर्फात काही जाणवायचं नाही, पण ट्रेलवर आलं आणि रात्रभर गोठून दगड झालेला पट्टा लागला की गेज चढायला लागायचं, पार इशाऱ्याचा दिवा लागेपर्यंत, आणि मग ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) पॉवर कापायचा. टर्बो लावून उपयोग काय मग, सगळा वेळ डोळे गेजवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण किट चांगलं की वाईट हे यावरच ठरतं. बहुतेक स्नोमोबीलना कारसारखा पुढे रेडिएटर नसतो. टनेलच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचे लांब पोकळ कूलर असतात, त्यातून गरम कूलंट फिरतं, आणि खाली फिरणारा ट्रॅक त्यांच्यावर बर्फ उडवत राहतो. तो बर्फ वितळतो आणि वितळताना उष्णता घेऊन जातो. १ किलो बर्फ नुसता वितळायला साधारण ३३४ किलोज्यूल लागतात, आणि तो उणे १० डिग्रीचा असेल तर शून्यावर यायला आणखी २० च्या आसपास. म्हणजे समजा कूलंटमधून दर सेकंदाला ५० किलोज्यूल बाहेर काढायचे आहेत, तर सेकंदाला फक्त दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर बर्फ वितळला तरी काम झालं. हेच काम नुसत्या हवेने करायचं ठरवलं आणि हवा २० डिग्रीने तापली असं धरलं, तर सेकंदाला अडीच किलो हवा लागते, म्हणजे जवळपास २ घनमीटर, आणि तीही दर सेकंदाला कूलरच्या पत्र्याला घासून गेली पाहिजे. टनेलच्या आत असं वारं कुठून येणार. म्हणून बर्फ उडत असेल तर छोटासा कूलरही पुरतो आणि बर्फ नसेल तर भला मोठा कूलरसुद्धा हात टेकतो.

हा एक मुद्दा डोक्यात पक्का बसला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. जादा कूलर किती मोठा आहे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की तो जिथे बसणार तिथे बर्फ पोचतो का.

आणि म्हणूनच किटच्या आधी स्क्रॅचर. मी प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या गाडीला आइस स्क्रॅचर नसतील तर आधी ते लावा, ट्रेलवर खाली सोडून चालवून बघा, आणि तरीही गाडी तापली तरच या किटकडे वळा. स्क्रॅचर म्हणजे सस्पेन्शनच्या रेलला लावलेल्या स्प्रिंगच्या काड्या किंवा केबल, त्या खालच्या कडक बर्फावर ओरखडे काढत जातात आणि निघालेला भुगा ट्रॅक उचलून वर कूलरवर टाकतो. केबलवाले घेतले तर रिव्हर्स घेताना अडकून वाकायची भीती कमी. याच भुग्याने स्लाइड रेलच्या खालच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही थंड राहतात, त्यांना तर बर्फाशिवाय दुसरं वंगणच नाही, कोरड्या ट्रेलवर त्या वितळून ट्रॅकच्या धातूच्या क्लिपांना चिकटतात हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या गाडीला स्क्रॅचरने फरक नक्की पडला, गेज चढायचं ते हळू चढायला लागलं, पण टर्बोवर लांब सरळ पट्ट्यात थ्रॉटल धरून ठेवला की शेवटी तेच. म्हणून किट.

आता किट. खोक्यात एक्स्ट्रूजनचा, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या पोकळ ॲल्युमिनियमचा कूलर निघाला, खालच्या बाजूला उभ्या फिन्स (पातळ पट्ट्या), दोन्ही टोकांना वेल्डिंगने बंद केलेली झाकणं आणि होज लावायला निपल. सोबत रबरी होजचा तुकडा, दोन टी जॉइंट, स्क्रूचे साधे क्लॅम्प, रिव्हेट आणि सूचनांचा कागद. कूलरचं काम बघून समाधान वाटलं. वेल्डिंगच्या रेघा एकसारख्या, कुठे भोक नाही, फिन्स सरळ, पत्रा जाड. नुसता कूलर विकला असता तर मी पूर्ण गुण दिले असते.

निपल बघितला आणि जरा खटकलं. होज आतून २५ मिलिमीटरचा, निपल बाहेरून बरोबर २५ चा, पण त्याची भिंत इतकी जाड की आतली वाट १८ च भरली. कॅलिपर लावून मोजलं. व्यास १८ आणि २५ म्हणजे ऐकायला फार फरक वाटत नाही, पण क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबाने चालतं, त्यामुळे वाट जवळजवळ निम्मी झाली. वॉटर पंप इंजिनवर चालतो, त्याला जितका अडथळा द्याल तितका फ्लो कमी होणार, आणि मी कूलर वाढवतोय ते फ्लो कमी करायला नाही. वेल्डिंगवाल्या दादांना दाखवलं, त्यांनी लगेच ओळखलं, म्हणाले हे कापून पातळ नळीचे लावून देतो आणि टोकाला उंचवटाही काढून देतो म्हणजे होज सुटायचा नाही. एसी टिगवर (ॲल्युमिनियम जोडायचं वेल्डिंग) पटकन झालं. पण हे काम गिऱ्हाइकाने का करून घ्यायचं? बनवणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट सुधारली तर किट कुठल्या कुठे जाईल.

बसवायच्या आधी कूलर आतून धुवा, हे कागदावर कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहायलाच हवं होतं. कापलेल्या एक्स्ट्रूजनमध्ये चुरा राहतोच. मी एका निपलातून जोरात पाणी सोडलं आणि दुसऱ्या टोकाला पांढरं फडकं धरलं, तर पहिल्याच झटक्यात चमचाभर ॲल्युमिनियमचे बारीक चमचमणारे काप फडक्यावर आले. उलट्या बाजूने सोडलं तर आणखी आले. कूलर उभा धरून ठोकून, पुन्हा दोन्ही बाजूंनी पाणी सोडून, फडकं कोरं निघेपर्यंत हे करत राहिलो. हाच चुरा वॉटर पंपाच्या सीलमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या (तापमान बघून कूलंटची वाट उघडणारी झडप) फटीत गेला असता तर दोष कोणाला दिला असता आपण, गाडीलाच. त्यानंतर एक निपल बंद करून दुसऱ्यातून साधारण १ बार हवा भरली आणि पाण्याच्या टबात बुडवून ठेवला. एकही बुडबुडा नाही. इथे मनापासून दाद देतो, वेल्डिंग खरंच पक्कं आहे.

जागा ठरवण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा. किट युनिव्हर्सल आहे, म्हणजे कुठे बसवायचं हे तुमच्यावर सोडलंय. ट्रॅक कसा फिरतो ते डोळ्यांसमोर आणा. खालचा भाग मागे जातो, मागच्या चाकांवरून वर येतो, टनेलच्या खालून पुढे सरकतो आणि ड्राइव्ह ॲक्सलवरून पुन्हा खाली उतरतो. जिथे तो वळतो तिथे बर्फ सुटतो. म्हणून पुढच्या बल्कहेडजवळचा (टनेलच्या पुढच्या भिंतीजवळचा) कूलर आकाराने छोटा असून भरपूर काम करतो, आणि मागे फ्लॅपच्या आसपासही बर्फाचा मारा जोरात असतो. पुढे माझ्याकडे जागा नव्हती. रनिंग बोर्डच्या कडेला लावायचा विचार केला, पण तिथे कडक ट्रेलवर फारसं काही पोचत नाही आणि झाडाचं खोड किंवा दगड लागला तर पहिला मार त्यालाच. शेवटी टनेलच्या वाढवलेल्या भागात, मूळ मागच्या कूलरच्याही मागे, छताला लावायचं ठरलं. ट्रॅक लांब केलेल्या गाड्यांना हीच जागा मोकळी असते आणि तिथे बर्फही येतो.

अडचण फक्त एक, लग, म्हणजे ट्रॅकवरचे उभे रबरी दात. माझ्या ट्रॅकचे लग ३ इंची आहेत, म्हणजे ७६ मिलिमीटर, आणि छताला कूलर लावला की त्याच्या जाडीएवढं अंतर कमी होतं. गाडी स्टँडवर असताना बघाल तर भरपूर जागा दिसेल आणि तिथेच फसगत होते, कारण सस्पेन्शन पूर्ण दबलं की मागची चाकं वर येतात आणि ट्रॅकही त्यांच्याबरोबर वर येतो. शिवाय वेगात ट्रॅक फुगतो. म्हणून मी मागचे शॉक सोडवले, जॅकने स्किड (ट्रॅकच्या आतलं सस्पेन्शन) पार वर टेकेपर्यंत उचललं, कूलर जागेवर नुसता क्लॅम्पने धरला, आणि लगांच्या टोकांना मुलं खेळतात ती चिकणमाती लावली. ट्रॅक हाताने सावकाश फिरवला. मातीवर फिन्सचे ठसे उमटले, पुढच्या टोकाला खोल आणि मागे हलके. म्हणजे पुढचं टोक मागच्या चाकांच्या अगदी वर येत होतं. कूलर जरा मागे सरकवला, पुन्हा माती, पुन्हा फिरवला, ठसे गेले. मग त्यावरही बोटभर जागा सुटेल असं बघून खुणा केल्या. ट्रॅकला स्टड (पकडीसाठी लावलेले धातूचे टोकदार खिळे) असतील तर याहून जास्त जागा सोडा आणि कूलरच्या दोन्ही बाजूंना टनेल प्रोटेक्टरच्या पट्ट्या लावल्याशिवाय इंजिन चालू करू नका, स्टड पोकळ ॲल्युमिनियमला सुरीने चिरल्यासारखा चिरतो आणि कूलंट कधी गेलं ते कळतही नाही.

रिव्हेट मारण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कूलरच्या कडेला जी सपाट पट्टी आहे तिच्यातच भोकं पाडा, ड्रिलला थांबा लावा, पोकळ भागाला चुकूनही हात लावू नका. किटमधले रिव्हेट ॲल्युमिनियमचेच होते, ते बरोबर आहे, साधे लोखंडी वापरले तर मिठाच्या ओलाव्यात दोन धातूंच्या मध्ये गंज धरतो. पट्टीखाली सीलंटची बारीक रेघ ओढली की बर्फाचं पाणी आत शिरत नाही.

आता प्लंबिंग, जिथे सगळ्यात जास्त वाद होतात. किटसोबत टी जॉइंट दिलेत म्हणजे बनवणाऱ्यांच्या डोक्यात पॅरलल जोडणी आहे, अर्धं कूलंट जुन्या कूलरमधून, अर्धं नव्यातून. मला हे पटलं नाही. पाणी सोपी वाट धरतं, आणि एका फांदीत थोडा जरी जास्त अडथळा असला तर बहुतेक कूलंट दुसरीकडून निघून जातं, मग नवा कूलर छताला लटकलेला दागिना. मी सिरीजमध्ये जोडला, म्हणजे मूळ मागच्या कूलरमधून बाहेर येणारं सगळं कूलंट आधी नव्या कूलरमधून जाणार आणि मगच इंजिनकडे परत येणार. सिरीजमध्ये अडथळा वाढतो हे खरं, म्हणूनच निपल मोठे करून घेतले. तुमच्या गाडीचा मूळ रस्ताच अरुंद असेल तर पॅरललचा विचार करा, पण मग दोन्ही फांद्यांचे होज शक्य तेवढे सारख्या लांबीचे ठेवा.

यात एक गोष्ट अगदी जीव ओतून सांगतो. जोडणी थर्मोस्टॅटच्या पलीकडच्या, कूलरकडे जाणाऱ्या लाइनमध्येच करा. थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट बायपासमधून फक्त इंजिनमध्ये फिरतं, इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. नवा कूलर त्या बायपासच्या लाइनीत बसला तर इंजिन कधीच नीट तापणार नाही. आणि टू-स्ट्रोकमध्ये थंड इंजिन हे तापलेल्या इंजिनाइतकंच धोक्याचं असतं, थ्रॉटल दाबला की पिस्टन झटकन तापून फुगतो, बाहेरचा सिलिंडर अजून थंड म्हणजे आकसलेलाच, मधली फट संपते आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. काही जण जादा कूलिंग हवं म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात, मी हात जोडून सांगतो असं करू नका. जादा कूलर लावल्यावर तर थर्मोस्टॅटची गरज आणखी वाढते, कारण आता मागे थंडगार कूलंटचा साठा मोठा झालाय आणि तो एकदम इंजिनात येऊ नये हे बघणारं तेवढंच एक आहे. कुठला होज कुठला हे कळत नसेल तर थंड इंजिन चालू करून हात लावून बघा, आधी गरम होतात ते बायपासच्या बाजूचे, थर्मोस्टॅट उघडल्यावर मागून गरम होतो तो कूलरकडे जाणारा.

होज. किटमधला रबरी होज चांगल्या प्रतीचा आहे पण सरळ आहे, आणि टनेलच्या कोपऱ्यात वळवला की चपटा होतो. तिथे साच्यातून वळण देऊन आलेला होज लावला. कोणीतरी सिलिकॉनचा लाव म्हणून आग्रह केला होता, दिसायला छान असतो, पण कडाक्याच्या थंडीत साध्या स्क्रूच्या क्लॅम्पखाली सिलिकॉन पाझरायला लागतो, त्याला सतत ताण धरून ठेवणारे स्प्रिंगवाले क्लॅम्प लागतातच. खरं तर रबरालाही मी तेच वापरले आणि किटमधले क्लॅम्प बाजूला ठेवून दिले. रात्री उणे २५ आणि चालताना अधिक ६० अशा हेलकाव्यात स्क्रूचा क्लॅम्प ढिला पडतोच पडतो. होज जिथे पत्र्याच्या कडेवरून जातो तिथे रबरी कडपट्टी लावा आणि ट्रॅकच्या जवळून जाणारा प्रत्येक होज पट्ट्यांनी घट्ट आवळून टाका, एक लोंबता होज लगांना लागला की सगळा खटाटोप पाण्यात.

कूलंट भरणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात चिकाटीचं काम. नवा कूलर मागे, छताला, म्हणजे हवा अडकायला उत्तम जागा. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, हे मिश्रण उणे ३७ डिग्रीच्या आसपासपर्यंत गोठत नाही, ॲल्युमिनियमला चालणारंच घ्या. भरताना कूलंट खाली ट्रेमध्ये पडेल असं बघा आणि लगेच उचला, ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. गाडी आधी पुढून उंच उचलून कूलंटच्या बाटलीच्या तोंडातून भरली, मग मागून उंच करून कूलरच्या टोकाचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सोडला, फसफस आवाज करत हवा गेली, मग अखंड धार लागली तेव्हा बंद केला. पुन्हा सपाट, इंजिन चालू, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबायचं. आणि आता हाताची परीक्षा: नव्या कूलरच्या दोन्ही टोकांना हात लावा, दोन्ही टोकं कोमट लागली तर कूलंट फिरतंय. एक टोक गरम आणि दुसरं बर्फासारखं असेल तर आत हवा अडकलीय, पुन्हा मागून उचला. हे स्टँडवर करताना जास्त वेळ इंजिन चालू ठेवायचं नाही, कारण तिथे बर्फ उडत नाही आणि गेज बघता बघता चढतं. मी टनेलमध्ये कूलरखाली फावड्याने बर्फ सरकवत होतो. बाटलीत थोडी जागा रिकामी ठेवा, सिस्टीममध्ये लिटरभर कूलंट वाढलं की थंडी ते गरम या फरकात त्याचेच ४०-५० मिलिलिटर फुगून बाटलीत येतात.

चालवल्यावर काय फरक? कडक ट्रेलवर, स्क्रॅचर खाली सोडून, जिथे गेज आधी थेट इशाऱ्यापर्यंत जायचं तिथे आता ६० डिग्रीच्या आसपास येऊन थांबतं आणि तिथेच राहतं. लांब सरळ पट्ट्यात थ्रॉटल धरला तर थोडं वर जातं, सोडला की पटकन खाली येतं, आणि हे खाली येणं मला सगळ्यात आवडलं, आधी एकदा चढलं की उतरायला कितीतरी वेळ लागायचा. ईसीयूने पॉवर कापलेली नाही. गाडीवर विश्वास बसला, नजर पुन्हा रस्त्यावर आली, यासाठी सगळी मेहनत वसूल आहे असं मी म्हणेन.

स्क्रॅचर वर उचलून त्याच ट्रेलवर मुद्दाम चालवून बघितलं. फायदा जवळजवळ निम्म्याने कमी. गेज चढायचं ते उशिरा चढलं, पण चढलंच. जास्त कूलंट म्हणजे तापायला जास्त वेळ लागतो एवढाच त्याचा अर्थ, बर्फच येत नाही तर उष्णता जाणार कुठे. वसंतातल्या ओल्या बर्फात उलट निकाल फारच सुंदर, तो जड बर्फ कूलरला चिकटतो आणि वितळत राहतो, गेज हलत नाही.

खोल ताज्या बर्फात गाडी आधीही थंडच असायची, आता तर थर्मोस्टॅट सतत उघडझाप करतो आणि गेज पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतं. टू-स्ट्रोकला हे चालतं, थर्मोस्टॅट आपलं काम करतोय. पण मागचा कूलर इतका थंड राहतो की फिन्सच्या मध्ये बर्फ घट्ट बसून गोठतो, आणि दिवसभर चालवल्यावर टनेलच्या मागच्या भागात बर्फाचा गठ्ठा घेऊन फिरतोय असं होतं. गाडी उभी करायच्या आधी तो पाडून टाकावा लागतो, तोही लाकडाने किंवा प्लास्टिकने, पहार घालू नका. कूलर, होज आणि आतलं कूलंट मिळून साडेतीन किलोच्या आसपास वजन वाढलं, वर हा बर्फ, आणि सगळं पार मागच्या टोकाला. उंच चढावर किंवा झाडांमधून गाडी वळवताना मागचं जडपण हाताला कळतं. ज्यांनी प्रत्येक ग्रॅम वाचवायला बोल्टसुद्धा टायटॅनियमचे केलेत त्यांना हे सहन होणार नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

याला पर्याय म्हणून बॉनेटखाली छोटा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक फॅन लावतात, तो बर्फावर अवलंबून नसतो ही त्याची जमेची बाजू, हळू चालताना आणि ट्रेलवर थांबल्यावर तो खरंच उपयोगी. पण फॅन सहज १० अँपिअर ओढतो, म्हणजे १२ व्होल्टवर १२० वॉट, हीटेड ग्रिप्स आणि बाकीचा भार धरून स्टेटरला (गाडीची वीज बनवणारा भाग) ते झेपतं का हे आधी बघा, आणि ताज्या बर्फात त्याच्या जाळीवर बर्फ बसून हवा बंद होते. सतत गोठलेल्या तलावांवर चालवणाऱ्याने तो घ्यावा. माझ्यासारख्या मिश्र वापराला टनेलचा कूलरच बरा.

दोन-तीन जणांनी विचारलं की हा लावल्यावर बाजूचे जुने कूलर काढून वजन भरून काढता येईल का. टर्बो असेल तर नाही. टर्बो नसलेल्या, फक्त ताज्या बर्फातल्या गाडीवर लोक तसं करतात, पण मग ट्रेलवरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं कसं हे ठरवूनच काढा. फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी एवढंच की तुमची इंजिनं मुळातच जास्त तापमानावर चालतात, माझे गेजचे आकडे तुमच्या गाडीला लावू नका, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा धरा.

बनवणाऱ्यांना माझं सांगणं, निपल पातळ भिंतीचे द्या, क्लॅम्प स्प्रिंगवाले द्या, आणि कागदावर धुण्याचं आणि लग मोजण्याचं लिहा. सध्या तरी कूलरला पाचपैकी पाच, सामानाला दोन, सूचनांना एक. पहिल्या काही फेऱ्यांनंतर क्लॅम्प, रिव्हेटच्या कडा आणि बाटलीतली पातळी बघत राहा. माझी पातळी सुरुवातीला थोडी उतरली कारण शेवटची अडकलेली हवा निघाली, एकदा भर घातली, त्यानंतर खुणेवरून हललेली नाही.